मुंबई ते जिद्दा : किती लांब?

आठवीतल्या एका मुलाने आजोबांच्या हजच्या तिकिटाची झेरॉक्स वर्गात आणली होती. मुंबईहून सकाळी 10 ला सुटणारं विमान जिद्दाला 12:30 ला पोहोचणार होतं. "सर, फक्त अडीच तास?" त्याने विचारलं. मी फळ्यावर हिशेब मांडला. जिद्दाचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे, म्हणजे खरा प्रवास पाच तासांचा. सरळ हवाई अंतर सुमारे 3,500 किलोमीटर.

मग मी दुसरा हिशेब मांडला. अरबी समुद्र, एडनचं आखात, बाब-अल-मंदब आणि तांबडा समुद्र, असा जलमार्ग सुमारे 2,300 सागरी मैलांचा. तासाला 12 सागरी मैल धरले तरी आठ दिवस लागतात.

हे झालं इंजिनाच्या जहाजाचं. शिडाच्या गलबतांचा मुक्काम वाऱ्याच्या मर्जीवर. शिवाय चाच्यांची भीती होतीच. 1695 मध्ये हाजींना घेऊन सुरतेला परतणारं औरंगजेबाचं 'गंज-इ-सवाई' इंग्रज चाचा हेन्री एव्हरीने लुटलं. वाफेची जहाजं आली तेव्हा वाट जवळ झाली, पण त्याच जहाजांतून कॉलराही वेगाने फिरू लागला. 1865 ची हजमधली साथ पुढे युरोपपर्यंत गेली. नंतर 1882 मध्ये उस्मानी सरकारने तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर तपासणीचं ठाणं उघडलं. हिंदुस्थानातून जाणारे हाजी तिथे उतरवून वेगळे ठेवले जात. नकाशावर जिद्दा जवळ आलं होतं, पण हाजी अडकून पडलेला असे.

माझी नानी सत्तरच्या दशकात जहाजाने हजला गेली. गावाहून एसटीने मुंबई, मग क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना, मग गोदी. तिच्या पेटीत तांदूळ, सुकी मासळी, लोणचं आणि कफन होतं. यलमलमच्या समोर जहाज आलं की एहराम बांधायचा, हे ती आम्हाला पुनःपुन्हा सांगे.

पण तिच्या प्रवासातला माझ्या लक्षात राहिलेला भाग गावातच घडला. सख्ख्या भावाशी तिचं जमिनीवरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ती त्याच्या दारात गेली. "भाईजान, कहा-सुना माफ करना," एवढंच म्हणाली. मामू रडले. दुसऱ्या दिवशी तिची पेटी त्यांनीच डोक्यावर घेतली. जमिनीचा वाद मिटला नाही, पण दोन्ही घरांतलं जेवणखाण सुरू झालं.

1995 नंतर मुंबईहून हाजींचं जहाज सुटलं नाही. मला त्याचं दुःख नाही. म्हाताऱ्या माणसांनी आठ दिवस समुद्रात ओकाऱ्या काढाव्यात, असं कोण म्हणेल? विमान ही नेमतच आहे. फक्त, परत येऊ की नाही या धास्तीने नानीला भावाच्या दारात नेलं होतं. आज माफीचा मेसेज एका बोटाने दोनशे जणांना जातो. ज्याच्याशी खरं भांडण आहे, तो नेमका त्या यादीत नसतो.

मुलाला मी घरचा अभ्यास दिला : आजोबा निघण्यापूर्वी कोणाकोणाच्या घरी जाऊन आले, ते विचारून ये. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "सर, आजोबा गप्प बसले. मग चप्पल घालून बाहेर गेले."