आखूड मापाची बेस गिटार घेताना...

खास प्रतिनिधी

कॉलेजचे गॅदरिंग असो वा गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रा, प्रकाशझोत असतो तो गायकावर आणि मुख्य गिटारवादकावर. त्यांच्या मागे चार जाड तारांचे वाद्य घेऊन उभ्या असलेल्या कलाकाराकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. तो वाजवायचा थांबला, की मात्र गाणे एकाएकी पोकळ वाटू लागते. गाण्याला खर्जाचा पाया देणारे हे वाद्य म्हणजे बेस गिटार. ते शिकावे असे अनेकांना वाटते. पण दुकानात ते हातात घेतले, की पहिल्या दोन-तीन फ्रेटवरच बोटे ताणली जातात आणि ‘आपला हात लहान पडतो’ असा समज करून घेऊन कित्येक जण परत फिरतात.

अशा हातांसाठी आखूड मापाची, म्हणजेच ‘शॉर्ट स्केल’ बेस गिटार असते. ती माफक किमतीतही मिळते. तथापि वाद्य आखूडही आणि स्वस्तही असले, की त्याची एक बाजू लंगडी पडण्याचा संभव असतो. ती बाजू म्हणजे चौथी, सर्वांत जाड तार. या तारेची परीक्षा करता आली, की निम्मी निवड झाली असे समजावे.

माप कशाचे?

गिटारचे माप म्हणजे तिची एकूण लांबी नव्हे. मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी म्हणजे नट, आणि खाली तारा जिथे टेकतात तो ब्रिज. या दोहोंमधील तारेची कंप पावणारी लांबी म्हणजे ‘स्केल’. लिओ फेंडर यांनी १९५१ साली अमेरिकेत प्रिसिजन बेस बाजारात आणली, तिचे स्केल ३४ इंच होते. पुढे तेच प्रमाण मानले गेले. ३० इंचांच्या आसपासचे स्केल असेल तर ती आखूड मापाची, आणि ३२ इंचांचे असेल तर मध्यम मापाची गिटार.

चार इंचांनी काय फरक पडतो? ३४ इंचांच्या गिटारवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर सुमारे १३० मिलिमीटर भरते. ३० इंचांच्या गिटारवर तेच अंतर सुमारे ११४ मिलिमीटर असते. नवशिक्याचे पहिल्या काही महिन्यांचे धडे बहुतेक याच चार फ्रेटमध्ये असतात. तेथे दीड सेंटिमीटरची बचत झाली, तर मनगट फारसे न वाकवता बोटे जागेवर पडतात आणि सराव टिकतो.

खेळणे नव्हे

आखूड गिटार म्हणजे लहान मुलांचे खेळणे, असा एक गैरसमज आढळतो. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेली, व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बेस आखूड मापाचीच होती. ती १९७२ साली चोरीस गेली आणि अर्धशतकानंतर त्यांना परत मिळाल्याचे २०२४ साली जाहीर झाले. क्रीम या ब्रिटिश बँडचे जॅक ब्रूस गिब्सनची ईबी-३ वाजवीत, तर जॅझमधील नामांकित वादक स्टॅन्ली क्लार्क यांची अलेम्बिक बेसही याच वर्गातली. फेंडर कंपनीने १९६६ साली आणलेली मस्टँग बेस ३० इंचांचीच आहे.

या गिटारचा आवाज किंचित गोलसर आणि मऊ असतो. ज्यांना तो आवडतो, ते हात मोठा असूनही आखूड गिटारच निवडतात.

चौथ्या तारेचे दुखणे

तीच तार त्याच स्वरात लावली आणि लांबी कमी केली, तर तारेवरचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ३४ ऐवजी ३० इंच म्हणजे ताण सुमारे २२ टक्क्यांनी कमी. वरच्या तारांना हे फारसे जाणवत नाही. चौथी तार मात्र सुमारे ४१ हर्ट्झ इतक्या खालच्या स्वरात लावलेली असते. तिचा ताण घटला, की ती सैलसर होते, फ्रेटवर आपटते आणि तंबोऱ्याची खर्जाची तार नीट न लागल्यासारखा स्वर डळमळतो. आखूड मापाची पाच तारांची गिटार नवशिक्याने टाळावी, असे म्हणतात ते यामुळेच. पाचवी तार त्याहूनही खालच्या स्वराची असते.

यावर उपाय आहेत. किंचित जाड तार लावता येते, किंवा ज्यांवरचे वेष्टण सपाट पट्टीचे असते अशा ‘फ्लॅटवाउंड’ तारा घेता येतात. त्यांचा ताण सहसा अधिक असतो. नव्या तारा घेताना पाकिटावर ‘शॉर्ट स्केल’ असे छापलेले आहे ना, हे अवश्य पाहावे. लांब मापाच्या तारा आखूड गिटारवर चढवल्या, तर तारेचा जाड भाग ट्युनिंग कीच्या खुंटीभोवती गुंडाळावा लागतो. तेथे ती तुटण्याची वा तिचे वेष्टण उसवण्याची भीती असते.

दुकानात काय पाहाल?

प्रथम ट्यूनर लावून चारही तारा स्वरात आणाव्यात. मग चौथी तार मोकळी छेडून ती विरेपर्यंत ऐकावे. स्वर एकसंध राहतो, की वरखाली हेलकावतो, हे साध्या कानालाही कळते.

यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवावी. एखाद्याच जागी आवाज खरखरला किंवा मेला, तर दोष त्या फ्रेटचा असण्याची शक्यता असते. तोच आवाज चौथ्या तारेवर सर्वत्र येत असेल, तर दोष तारेचा किंवा सेटअपचा असू शकतो. तार बदलता येते, सेटअप करून घेता येतो; फ्रेट घासून सारखे करण्याचा खर्च मात्र स्वस्त वाद्याला परवडत नाही.

बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर मोकळ्या तारेच्या नेमका एक सप्तक वर यायला हवा. येत नसेल, तर ब्रिजवरील टेकू पुढेमागे सरकवून तो जुळवता येतो. काही स्वस्त गिटारवर चार तारांना मिळून दोनच टेकू असतात. तेथे प्रत्येक तार स्वतंत्रपणे जुळवता येत नाही.

मानेच्या कडेवरून तळवा फिरवून फ्रेटची टोके बोचत नाहीत ना, हे पाहावे. पट्टा लावून उभे राहावे आणि हात सोडावेत. आखूड गिटारचे अंग हलके असते, त्यामुळे कित्येकदा मान खाली झुकते आणि वाजवणाऱ्याचा डावा हात ती सावरण्यातच दमतो. शेवटी गिटार अ‍ॅम्पला जोडून सर्व बटणे फिरवावीत. करकर आली तर दुसरा नग मागावा.

परिचित नावे

माफक किमतीच्या वर्गात फेंडरच्याच स्क्वायर या नावाखालील ब्रॉन्को बेस परिचित आहे. तिचे स्केल ३० इंच असून तिला एकच सिंगल कॉइल पिकअप असतो. अशा पिकअपमध्ये विजेची घरघर शिरते. अर्थिंग नीट नसलेल्या जुन्या इमारतींत ती अधिक जाणवते. स्क्वायरच्याच मस्टँगला दोन भागांत विभागलेला पिकअप असतो, त्यामुळे घरघर कमी होते. अर्थात किंमत वाढते. आयबानेझच्या मिक्रोचे स्केल २८.६ इंच, म्हणजे आणखी आखूड. लहान वयाच्या विद्यार्थ्याला ती सोयीची, मात्र चौथ्या तारेची परीक्षा येथे अधिक कसोशीने करावी. ग्रेचच्या ज्युनियर जेटचे स्केल ३०.३ इंच असून तिला दोन पिकअप असतात.

किमती दुकानागणिक आणि आयातीनुसार बदलतात. एकाच मॉडेलच्या दोन नगांतही फरक असतो. म्हणून नावापेक्षा हातात असलेला नग महत्त्वाचा. ऑनलाइन मागवायचीच असेल, तर परत करण्याची मुदत आधी पाहावी आणि याच चाचण्या घरी आल्याच दिवशी कराव्यात.

सारे पैसे गिटारवर नकोत

होणारी सर्वांत महागडी चूक म्हणजे हाती असलेली सारी रक्कम वाद्यावर खर्च करणे. एक चतुर्थांश ते एक तृतीयांश रक्कम बाजूला ठेवावी. तीतून नव्या तारा, कारागिराकडून सेटअप, ट्यूनर, पट्टा, जाड अस्तराची बॅग आणि आवाज ऐकण्याचे साधन घ्यायचे असते. साध्या गिटारच्या अ‍ॅम्पवर बेस मोठ्या आवाजात वाजवल्यास त्याचा स्पीकर खराब होऊ शकतो, त्यामुळे बेसचाच अ‍ॅम्प हवा. खर्जाचा आवाज भिंतींतून शेजाऱ्यांकडे लवकर पोहोचतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना सुरुवातीला हेडफोनचा छोटा अ‍ॅम्प पुरतो.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत तारा लवकर गंजतात आणि पावसाळ्यात मान वाकण्याचा संभव असतो. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसाव्यात. मानेतील ट्रस रॉड ही लोखंडी सळई फिरवून बाक सुधारता येतो. मात्र ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. जुनी गिटार घेताना हा रॉड फिरतो की अडकला आहे, हे विक्रेत्यासमोरच तपासून घ्यावे.

हे सारे करूनही सरावात मनगट सतत दुखत असेल, तर गिटार खाली ठेवावी, बसण्याची आणि हाताची पद्धत शिक्षकाला दाखवावी आणि दुखणे थांबले नाही तर डॉक्टरांना भेटावे. आखूड माप हाताला मदत करते, पण चुकीची सवय ते सुधारत नाही. दुकानात जाताना मात्र ‘माझा हात लहान आहे’ ही खंत घरी ठेवावी आणि कान सोबत न्यावेत. चौथी तार स्वच्छ बोलली, की बाकीच्या तिघींचा फारसा प्रश्न उरत नाही.