डीएसएल मोडेम मॉड्यूल, फायरवॉल राउटरमधील

डीएसएल मोडेम मॉड्यूल : टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारे इंटरनेट थेट फायरवॉल राउटरच्या आत घेणारे, खाचेत बसवायचे कार्ड. ते बसवले की मोडेमचा वेगळा डबा, त्याचा अडॅप्टर आणि डबा व राउटर यांमधली इथरनेट केबल लागत नाही. मोठा फायदा मात्र याहून वेगळा आहे. तारेवरचा गोंगाट, सिग्नलची घट, तुटलेली जोडणी हे सगळे फायरवॉलच्याच नोंदवहीत दिसू लागते. रायगडाच्या पायथ्याचे पाचाड आणि भोवतीचा महाड-पोलादपूरचा डोंगराळ भाग डोळ्यांपुढे ठेवून ही नोंद लिहिली आहे. मॉड्यूल नीट चालणे न चालणे पडद्यावरच्या सेटिंगपेक्षा तारेच्या अवस्थेवर अवलंबून असते, आणि तारेची परीक्षा घेणाऱ्या सगळ्या गोष्टी, म्हणजे अंतर, पाऊस, आकाशातली वीज आणि कातळ, या भागात एकत्र आल्या आहेत.

डीएसएलचे तत्त्व थोडक्यात असे. माणसाचा आवाज टेलिफोनच्या तारेवर साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढीच जागा घेतो. त्यावरची जागा रिकामी पडून असते. एडीएसएल२+ या प्रकारात सुमारे २.२ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्झ रुंदीच्या शेकडो उपवाहिन्यांत वाटतात आणि प्रत्येक उपवाहिनीवर तिला झेपेल एवढीच माहिती चढवतात. जिथे गोंगाट जास्त तिथे कमी, जिथे तार स्वच्छ तिथे जास्त. व्हीडीएसएल२ हाच पट्टा १७ ते ३० मेगाहर्ट्झपर्यंत नेते, पण वारंवारता जितकी उंच तितका सिग्नल तांब्यात लवकर विरतो. त्यामुळे व्हीडीएसएल२ चा खरा लाभ पहिल्या किलोमीटरच्या आतबाहेरच मिळतो. एडीएसएल२+ जवळच्या घराला २४ मेगाबिटपर्यंत वेग देऊ शकते आणि चार-पाच किलोमीटरवर जेमतेम एक-दोन मेगाबिटवर येते.

महाड ते पाचाड रस्त्याने सुमारे २५ किलोमीटर आहे. महाडच्या एक्स्चेंजमधून निघालेला डीएसएल सिग्नल तारेने पाचाडला पोचणे शक्य नाही. तो पाठवणारे डीस्लॅम हे यंत्र गावाजवळच्याच एक्स्चेंजात असावे लागते आणि तिथून पुढे वाड्यावाड्यांना जोडतारा जातात. कोकणातल्या डोंगरपायथ्याची वस्ती विखुरलेली असते. नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसणारे घर तारेच्या हिशोबाने दोन-तीन किलोमीटर दूर निघते, कारण तार रस्त्याने आणि ओढ्याला वळसा घालून जाते. म्हणून मॉड्यूल खरेदी करण्याआधी लाइनमनला विचारायचा पहिला प्रश्न तारेच्या लांबीचा असावा. तीन किलोमीटरच्या तारेवर महागडे व्हीडीएसएल२ मॉड्यूल लावून काही हाती लागत नाही. ते मुकाट्याने एडीएसएल२+ वर उतरते.

भारतात ब्रॉडबँड घराघरांत गेले ते प्रामुख्याने याच मार्गाने. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिट ही किमान मर्यादा ठरवली आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने डेटावन ही सेवा सुरू केली. तालुक्याच्या गावांतल्या बँका, पतसंस्था, महाविद्यालये आणि सरकारी कचेऱ्या यांना मुख्य कार्यालयाशी कायम जोडून ठेवायला त्या काळी हीच तार परवडणारी होती. मॉड्यूलची गरजही अशाच ठिकाणी उभी राहिली. शाखेत संगणकाचा जाणकार कोणी नसतो. टेबलावरचा मोडेम कोणी हलवतो, कोणी त्याचा प्लग काढून मोबाइलचा चार्जर लावतो. सगळे एकाच बंद पेटीत असले आणि ती पेटी दुरून पाहता आली, तर महाडहून माणूस पाठवायचा फेरा वाचतो.

मॉड्यूल ढोबळमानाने दोन तऱ्हेची मिळतात. पहिली तऱ्हा विशिष्ट राउटरच्या विशिष्ट खाचेसाठी बनवलेल्या कार्डांची. सिस्कोच्या १८४१ सारख्या राउटरमध्ये बसणारी एडीएसएल कार्डे आणि ज्युनिपरच्या एसआरएक्स ३२०, ३४०, ३४५ या फायरवॉलमधली मिनी-पिम कार्डे ही तिची ठळक उदाहरणे. ती बसवताना किंवा काढताना राउटर पूर्ण बंद करावा लागतो. चालू यंत्रात ती ओढून काढणे म्हणजे दोन्ही वस्तू धोक्यात घालणे. दुसरी तऱ्हा एसएफपी आकाराच्या, बोटभर लांबीच्या मोडेमची. फायबरसाठी ठेवलेल्या चौकोनी खाचेत ते शिरते आणि चालू यंत्रातही बदलता येते. ते साध्या ऑप्टिकल मॉड्यूलपेक्षा जास्त वीज घेते व बऱ्यापैकी तापते. हवा न खेळणाऱ्या कपाटात ठेवलेल्या, पंखा नसलेल्या फायरवॉलमध्ये ते लावण्याआधी ती खाच तेवढी वीज देते का, हे निर्मात्याच्या यादीत पाहून घ्यावे.

खरेदीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. भारतातल्या साध्या टेलिफोन तारेवरचा एडीएसएल हा ‘अॅनेक्स ए’ या प्रकारचा असतो. जर्मनीत आयएसडीएनच्या तारांसाठी ‘अॅनेक्स बी’ रूढ झाला. परदेशातून स्वस्तात आणलेले किंवा जुन्या बाजारात मिळालेले ‘बी’ प्रकारचे मॉड्यूल दिसायला अगदी तसेच असते, दिवेही लागतात, पण इथल्या डीस्लॅमशी त्याचे जुळत नाही.

जोडणीची खरी सुरुवात खांबापासून होते. एक्स्चेंजमधल्या एमडीएफ या मुख्य वितरण चौकटीवरून निघालेली जोडी जेली भरलेल्या भूमिगत केबलने पिलरपर्यंत, तिथून खांबावरच्या डीपी या वितरण पेटीपर्यंत आणि डीपीतून ड्रॉप वायरने इमारतीत येते. प्रत्येक ठिकाणी एक सांधा असतो आणि या भागात जून ते सप्टेंबर कोसळणाऱ्या पावसात त्यातला एखादा पाणी पितो. आवाजात खरखर येण्याच्या कितीतरी आधी डीएसएलला तो दोष जाणवतो. म्हणून ड्रॉप वायर इमारतीत शिरते तिथे खाली लोंबता वळसा ठेवावा, म्हणजे पाणी तारेवरून आत न येता तिथेच गळून पडते. जुने, कुठेही न जाणारे तारेचे फाटे कापून टाकावेत. तसा फाटा सिग्नल परतवतो आणि वेग खातो. स्प्लिटर रोझेटच्या लगेच पुढे हवा. त्याच्या एका बाजूने सगळे टेलिफोन आणि दुसऱ्या बाजूने फक्त मॉड्यूल, अशी विभागणी झाली पाहिजे. ‘फोन वाजला की नेट जाते’ ही नेहमीची तक्रार बहुधा इथली असते. घंटीसाठी तारेवर सुमारे ७५ व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब येतो आणि स्प्लिटर खराब असेल किंवा एखादा फोन त्याला टाळून जोडला असेल, तर त्या झटक्यात मोडेमचा मेळ तुटतो.

मग राउटर. तो बंद करून कार्ड खाचेत सरळ रेषेत सरकवावे, स्क्रू आवळावेत, तार लावावी आणि वीज सुरू करावी. राउटरने कार्ड ओळखले आहे याची खात्री झाल्यावर दोन पायऱ्या वेगवेगळ्या समजून घ्याव्या लागतात. पहिली पायरी तारेचा मेळ, म्हणजे मॉड्यूल आणि डीस्लॅम यांची ओळख पटणे. दुसरी पायरी त्या तारेवरून होणारे लॉगइन. पहिली झाल्याशिवाय दुसरीची खटपट व्यर्थ आहे, तरी पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकण्यातच दुपार घालवणारे पुष्कळ असतात.

एडीएसएलवर माहिती एटीएमच्या ५३ बाइटच्या तुकड्यांतून जाते, त्यामुळे मॉड्यूलला व्हीपीआय आणि व्हीसीआय असे दोन आकडे द्यावे लागतात. बीएसएनएलसाठी ते ० आणि ३५, आणि आवरण एलएलसी प्रकारचे. व्हीडीएसएल२ वर हे आकडे लागत नाहीत. तिथे सेवादात्याने सांगितला असल्यास व्हीलॅन क्रमांक द्यायचा. ज्युनिपरच्या मिनी-पिम कार्डाचा इंटरफेस एडीएसएलवर ‘एटी’ नावाने आणि व्हीडीएसएलवर ‘पीटी’ नावाने उघडतो, म्हणून एका तारेसाठी लिहिलेली सेटिंग दुसऱ्या तारेवर तशीच उचलून ठेवता येत नाही. त्यावर पीपीपीओई ही लॉगइनची पद्धत बसवून ग्राहकाचे नाव व पासवर्ड भरावेत. बीएसएनएलच्या जोडणीत हे नाव अनेकदा विशिष्ट पोर्टशी बांधलेले असते. तपासणीसाठी शेजारच्या कचेरीचे नाव टाकून पाहिले आणि ते चालले नाही, तर त्यातून मॉड्यूल बिघडल्याचा निष्कर्ष काढू नये. वीज जाऊन आल्यावर पहिल्या काही मिनिटांत लॉगइन नाकारले गेले तरी घाबरू नये. आधीचे सत्र पलीकडे अजून उघडे राहिलेले असते आणि ते मिटले की नवे सुरू होते.

पीपीपीओईचे स्वतःचे हेडर ८ बाइट खाते, म्हणून १,५०० ऐवजी १,४९२ हे एमटीयू द्यावे आणि टीसीपीचे एमएसएस १,४५२ वर बांधावे. ही ओळ विसरली तर काही संकेतस्थळे झटकन उघडतात आणि काही पांढऱ्या पानावर अडकून राहतात. बँकिंगचे पान, मोठी जोडपत्रे आणि व्हीपीएनमधली फाइल हे सर्वांत आधी अडते. इंटरनेट ‘चालू’ दिसत असल्यामुळे हा दोष शोधायला सर्वांत अवघड.

सुरक्षेच्या दृष्टीने मॉड्यूलचे पारडे निःसंशय जड आहे. वेगळा मोडेम हा स्वतः एक छोटा संगणक असतो; त्याला स्वतःचे व्यवस्थापनाचे पान आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड असतो. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम मालवेअरने निकामी केले, आणि मूळ पासवर्ड तसेच राहिलेले मोडेम त्यात सहज सापडले. मॉड्यूलमध्ये असा स्वतंत्र दरवाजा फायरवॉलच्या बाहेर राहत नाही. सार्वजनिक आयपी पत्ता थेट फायरवॉलला मिळतो, दोनदा नॅट होत नाही आणि मुख्य कार्यालयाशी आयपीसेक बोगदा बांधणे सोपे जाते. पीपीपीओईचा इंटरफेस अविश्वासाच्या झोनमध्ये टाकणे, त्या बाजूने व्यवस्थापनाचे सर्व मार्ग बंद करणे आणि आतून बाहेर जाणाऱ्या आवश्यक सेवांनाच परवानगी देणे, ही कामे जोडणी चालू झाल्याच्या आनंदात राहून जातात. ती त्याच बैठकीत उरकावीत. पत्ता दर लॉगइनला बदलत असेल, तर बोगद्याची ओळख आयपीवर न ठेवता नावावर ठेवावी आणि बोगदा बांधण्याची सुरुवात शाखेच्या बाजूने करावी.

आकाशातल्या विजेपुढे मात्र हेच पारडे फिरते, आणि पाचाडसारख्या ठिकाणी या मुद्द्यावर थांबून विचार केलाच पाहिजे. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसात सह्याद्रीच्या कुशीत विजा जोरात पडतात. लांब उघडी ड्रॉप वायर त्यांचा झटका घरापर्यंत आणते. वेगळा मोडेम असला तर बहुधा तोच जळतो आणि फायरवॉल वाचते, कारण मधल्या इथरनेट जोडणीत ट्रान्सफॉर्मरचे विलगीकरण असते. मॉड्यूल लावले की तीच तार फायरवॉलच्या पोटात उतरते. म्हणून तारेच्या प्रवेशाशी गॅस डिस्चार्ज ट्यूब असलेला संरक्षक बसवणे इथे अनिवार्य मानावे.

असा संरक्षक अर्थिंगशिवाय काहीच करू शकत नाही, आणि रायगडाच्या पायथ्याशी अर्थिंग कठीण आहे. थोड्या मातीखाली लगेच बेसॉल्टचा कातळ लागतो. कोळसा-मीठ घालून खणलेला खड्डा पावसाळ्यात उत्तम काम देतो आणि एप्रिल-मेमध्ये कोरडा पडला की त्याचा रोध चढतो, म्हणजे वळवाच्या विजा सुरू होण्याच्या ऐन वेळी. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात नियमाने पाणी घालणे हे मॉड्यूलच्या देखभालीचे काम समजावे. विजेच्या मीटरचे, संरक्षकाचे आणि राउटरच्या पेटीचे अर्थिंग एकाच पट्टीवर बांधावे. वेगवेगळ्या खड्ड्यांमध्ये दाबाचा फरक पडला, तर झटका यंत्रातूनच वाट काढतो. जिथे धड अर्थिंग मिळणारच नाही, तिथे मॉड्यूलचा आग्रह सोडून वेगळा मोडेम ब्रिज पद्धतीने लावणे अधिक शहाणपणाचे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

तारेचे आरोग्य सांगणारे आकडे मॉड्यूल स्वतःच देते: मेळाचा वेग, सिग्नलची घट, गोंगाटापासूनचे अंतर आणि सीआरसी चुका. गोंगाटापासूनचे अंतर ६ डेसिबलच्या खाली रेंगाळू लागले की जोडणी तुटण्याची शक्यता वाढते. घट ही मुख्यतः तारेच्या लांबीची आणि जाडीची देणगी असते, त्यामुळे ती अचानक वाढली तर कुठे तरी सांधा बिघडला आहे. हे आकडे फायरवॉलने सिसलॉगने मुख्य कार्यालयाकडे पाठवत राहावेत आणि मे महिन्यातल्या कोरड्या दिवसाची एक नोंद जपून ठेवावी. जुलैत तक्रार करताना ‘नेट हळू आहे’ या वाक्यापेक्षा ‘कोरड्यात १२ डेसिबल होते, पावसात ४ वर आले’ या वाक्यावर लाइनमनला थेट सांध्यापाशी जाता येते. त्याच्या श्रमांचा मान राखायचा हाही एक मार्ग आहे; भर पावसात आठ डीपी उघडून पाहायला लावणे अन्याय्य आहे.

एकाच तारेवर विसंबणे या भागात धोक्याचे. २२ जुलै २०२१ रोजी महाड पुराखाली होते आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. अशा वेळी वीज, रस्ता आणि संपर्क एकाच तासात जातात. फायरवॉलमध्ये ४जी ची दुसरी वाट ठेवून पहिल्या वाटेच्या पलीकडचा एखादा पत्ता सतत तपासत राहण्याची सोय करावी. फक्त मेळाचा दिवा पाहून वाट बदलणारी सेटिंग अपुरी आहे, कारण डीस्लॅमपर्यंत तार शाबूत असते आणि त्यामागचा दुवा तुटलेला असू शकतो. उलट दिशेने तारेचाही उपयोग आहे. ६ जूनला आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला शिवराज्याभिषेकासाठी रायगडावर लोटणारी गर्दी मोबाइल मनोऱ्याची क्षमता आपसांत वाटून घेते. तारेची जोडी मात्र त्या एका इमारतीचीच राहते.

तांब्याच्या तारा आता हटत आहेत आणि बीएसएनएल ग्राहकांना फायबरवर नेत आहे. एसएफपी मॉड्यूल वापरणाऱ्यांना त्यात एक सोय आहे: त्याच खाचेत पुढे फायबरचे जीपॉन मॉड्यूल बसू शकते, सेवादात्याने त्याचा अनुक्रमांक आपल्या यंत्रणेत नोंदवून घेतला तर. पीपीपीओई, झोन, नियम आणि बोगदा यांची मांडणी बहुतांश तशीच राहते. बदलतात ते एटीएमचे ० आणि ३५ हे आकडे, जे काढून टाकायचे, आणि व्हीलॅन क्रमांक, जो नव्याने विचारून घ्यायचा. फायबरची काच वीज वाहत नाही. तरी खांबावरून येणाऱ्या केबलला आधारासाठी अनेकदा धातूची तार असते, आणि ती इमारतीच्या बाहेरच कापून थांबवावी लागते.