दाजीपूरचे गवे आणि उसाचे फड

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या माथ्यावरचे दाजीपूरचे जंगल संस्थानी काळात छत्रपतींचे शिकारीचे राखीव रान होते. शाहू महाराजांचा (कारकीर्द 1894 ते 1922) शिकारीचा षोक प्रसिद्ध आहे. काळविटांवर सोडण्यासाठी शिकवलेले चित्ते कोल्हापूर दरबारी पाळले जात. पुढे देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणले गेले. दाजीपूरची जनावरे टिकली ती रान राजाचे होते म्हणून. रानाच्या कडेला भात-नाचणी पिकवणाऱ्यांना मात्र राखण स्वतःच करावी लागे. शेतात माळा, हाती गोफण आणि रात्रभर हाकारे, एवढाच बंदोबस्त.

याच रानाच्या पायथ्याशी, भोगावती नदीवर, महाराजांनी राधानगरी धरणाचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात काढले. ते पुरे झाले स्वातंत्र्यानंतर. पुढे दुधगंगेवर काळम्मावाडीचे धरण झाले. पाणलोट राखायचे म्हणून वरचे जंगल राखण्याला आणखी एक कारण मिळाले. खाली नदीत सोडलेले तेच पाणी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी अडले, पंपांनी उपसले गेले आणि त्यावर ऊस वाढला. उन्हाळ्यात रानातले गवत वाळते, पाणवठे आटतात. त्याच वेळी जवळच उंच, हिरवे, दडायला सोयीचे फड उभे असतात. गव्यांनी शिवारात अतिक्रमण केले असे म्हटले जाते खरे, पण त्याचे मूळ बरेचसे या पाण्यात आहे.

1958 मध्ये दाजीपूर हे गव्यांचे अभयारण्य झाले, महाराष्ट्रातले पहिले. 1985 मध्ये ते वाढवून राधानगरी अभयारण्य 351.16 चौरस किलोमीटरचे करण्यात आले. मधल्या काळात 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि गव्याला पूर्ण संरक्षण मिळाले. पीक राखणाऱ्याच्या हाती आवाज आणि उजेड तेवढा उरला.

या शतकाच्या सुरुवातीला नवा पाहुणा आला. 2002 मध्ये कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात उतरले आणि नंतर चंदगड, आजरा भागातही फिरू लागले. इथल्या शेतकऱ्याला गवा पिढ्यांचा ओळखीचा होता, हत्ती नव्हता. फटाके, मशाली, चर असे सगळे उपाय झाले, पण हत्ती हुसकावला की तो शेजारच्या गावात जाई. 2015 मध्ये सिंधुदुर्गात माणगाव खोऱ्यातले तीन हत्ती कर्नाटकच्या शिकवलेल्या हत्तींच्या मदतीने पकडले गेले. त्यांतले दोन दगावले. पकडून प्रश्न सुटतो ही समजूत तिथे संपायला हवी होती. हत्ती पकडण्याची मागणी मात्र आजही होते.

गवेही आता अभयारण्यापुरते राहिलेले नाहीत. डिसेंबर 2021 मध्ये ते कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले आणि करवीर तालुक्यात भुयेवाडीजवळ एका तरुणाचा गव्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला. अशा वेळी जनावर बिथरते ते बहुधा बघ्यांच्या गर्दीने. गर्दी आवरणे हेच वनखात्याचे पहिले काम होऊन बसते.

आजची व्यवस्था मुख्यतः भरपाईवर उभी आहे. शेतकरी अर्ज करतो, पंचनामा होतो, उसाचे नुकसान टनांवर धरले जाते. सौर कुंपणासाठी शासकीय अनुदानाची योजनाही आहे. जागलीत गेलेल्या रात्रींची भरपाई मात्र कोणत्याच पंचनाम्यात धरली जात नाही.