गालिच्यावरील डाग काढणे (घरगुती साधनांनी)

गालिचा, जाजम किंवा सतरंजी यांवर सांडलेल्या पदार्थाचा रंग, तेल किंवा साका स्वयंपाकघरातील आणि मोरीतील नेहमीच्या वस्तू वापरून घालवणे. कपडा भिजवता, पिळता येतो. जाड गालिच्याचे तसे करता येत नाही. म्हणून येथे धुण्यापेक्षा टिपण्याला महत्त्व आहे.

धागा : डाग कशाचा आहे, याआधी धागा कशाचा आहे हे पाहावे. भदोही-मिर्झापूर भागातील गाठींचे गालिचे बहुतांशी लोकरीचे, सतरंज्या बहुधा सुती, तर यंत्रावरचे स्वस्त गालिचे पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. कडेचा एखादा धागा काढून जाळल्यास लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि चुरडणारी राख उरते. सूत कागदासारखे जळते. कृत्रिम धागा वितळून त्याची गोळी होते. लोकर हे प्रथिन असल्याने धुण्याच्या सोड्याने ती खराब होते आणि क्लोरीनयुक्त ब्लीचमध्ये चक्क विरघळते. लोकरीसाठी रिठ्याचे कोमट पाणी अजूनही उत्तम. मागे लॅटेक्सने चिकटवलेल्या गालिच्यावर स्पिरिट किंवा टर्पेंटाइन ओतू नये, कारण चिकटवण सुटते.

हळद : आपल्याकडच्या घरांत सर्वांत जास्त पडणारा आणि सर्वांत जास्त बिघडवला जाणारा डाग. हळदीतील कुर्क्युमिन हे रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मात्र तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यामुळे सांडलेल्या आमटीवर आधी पाणी ओतले तर पिवळा रंग लवेत आणखी पसरतो. साबण लावला की तो डाग तांबडा होतो. डाग वाढला असे वाटून लोक घाबरतात आणि जोराने घासतात. प्रत्यक्षात अल्कलीमुळे कुर्क्युमिनचा रंग बदललेला असतो आणि सौम्य आम्लाने तो पुन्हा पिवळा होतो. हळदीला टाकणखार व लिंबाच्या रसाची पुटे देऊन कुंकू करण्याच्या जुन्या रीतीतही हळदीचा रंगबदल कामी येतो. म्हणून टाकणखार हळदीच्या डागाजवळ आणू नये.

रीत अशी : बोथट चमच्याच्या कडेने रस्सा खरवडून घ्यावा. वर मुलतानी माती किंवा शंखजिरे भुरभुरून तेल शोषू द्यावे आणि ते झटकावे. पांढऱ्या सुती फडक्याला सर्जिकल स्पिरिट लावून डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत यावे. फडके पिवळे झाले की घडी बदलावी. चोळल्यास लव कायमची विस्कटते. उरलेला फिकट पिवळेपणा उन्हावर सोपवावा, कारण कुर्क्युमिन प्रकाशाने विघटित होते. गालिच्याचा मूळ रंगही उन्हाने उडतो, तेव्हा नैसर्गिक रंगांच्या जुन्या गालिच्यांना ऊन बेताने दाखवावे.

रंगीत सरबते, मिठाई : यांतील बरेच कृत्रिम खाद्यरंग रासायनिकदृष्ट्या आम्लरंग आहेत, लोकर आणि नायलॉन रंगवण्यासाठी वापरतात त्याच वर्गातले. आम्लाच्या सान्निध्यात ते धाग्यावर पक्के बसतात. लोकरीवर लाल सरबत सांडल्यावर लिंबू किंवा व्हिनेगर लावणे म्हणजे धागा रंगवणेच होय. नुसते गार पाणी वापरून पुन्हा पुन्हा टिपावे.

चहा, कॉफी : ताजा डाग कोमट पाण्याने व पातळ व्हिनेगरने बराच निघतो. दूध असल्यास आधी सौम्य साबण.

रक्त : गार पाणीच. उष्णतेने प्रथिने गोठून धाग्याला धरतात. 3% हायड्रोजन पेरॉक्साइड परिणामकारक आहे, पण ते रंगही फिका करू शकते. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून पाहावे.

सोडा व व्हिनेगर एकत्र : लोकप्रिय उपाय. फेस कार्बन डायऑक्साइडचा असतो. दोन्ही पदार्थ एकमेकांना उदासीन करतात आणि बहुतांश सोडियम अ‍ॅसिटेटचे पाणी उरते. खाण्याचा सोडा कोरडाच भुरभुरल्यास वास मात्र कमी होतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया कधीही मिसळू नये. विषारी वायू सुटतात. शाईवर दूध आणि सांडलेल्या वाइनवर मीठ या इतर उपायांविषयी मतभेद आहेत.

वाळवणे : डाग गेला असे वाटून दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दिसतो, याचे कारण बहुधा तळाशी मुरलेला द्रव. वरची लव वाळू लागली की केशाकर्षणाने तो टोकांकडे चढतो. टिपल्यानंतर त्या जागी कोरड्या फडक्याची जाड घडी ठेवून तीवर वजन द्यावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. वर येणारा रंग घडीत उतरतो. पाठीला ताग असलेला गालिचा फार भिजल्यास तागाचा तपकिरी रंग वर येतो. तो पातळ व्हिनेगरने कमी होतो.

मेंदी : लोकरीवर पक्की बसते. खात्रीचा घरगुती उपाय नाही.