माथ्यावरच्या रानातले लग्न

तुळशीचे लग्न लागले, की आमच्या येरमाळ्याकडे सोयरिकीची बोलणी सुरू होतात. पूर्वी मुहूर्त निघाला म्हणजे जागेचा प्रश्नच नसे. दारात मांडव पडे, देवक बसे आणि वऱ्हाडाला शेजारची ओसरी जानवसघर म्हणून मिळे. आता बोलण्याची सुरुवातच जागेपासून होते. अलीकडे गावातल्या एका घरच्या मुलांनी शनिवार-रविवार धरून माथेरानला लग्न करण्याचा घाट घातला, आणि "गुरुजी, तुम्ही इतिहास शिकवता, ही जागा आहे तरी कशी?" म्हणून वडीलधाऱ्यांनी मला गाठले. बेत वाईट नाही. परंतु आचाऱ्याला सुपारी देण्याआधी त्या डोंगराचा इतिहास ऐकून घ्यावा. कारण तिथल्या खर्चाचा मोठा भाग त्या इतिहासानेच ठरवून ठेवलेला आहे.

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. उंची सुमारे आठशे मीटर. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूने हा डोंगर चढला आणि तिथल्या हवेवर लुब्ध झाला. पुस्तके लिहितात, त्याने माथेरानचा शोध लावला. हे वाक्य वर्गात वाचताना मला नेहमी हसू येते. धनगर, ठाकूर, कातकरी यांचा त्या रानात आधीपासून वावर होता. साहेबाला जे सापडले ते त्यांच्या पायाखालचेच होते! पुढे मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीत वस्तीची आखणी झाली, आणि इंग्रज, पारशी, बोहरी धनिकांचे बंगले उठले. ऐसपैस व्हरांडे, तांबडी माती, झाडीत लपलेली छपरे. लग्नाच्या छायाचित्रात हे सारे फार खुलून दिसते. मात्र त्या बंगल्यांतले पलंग, आरसे, हंडे आणि प्रसंगी खुद्द मालकीणबाई वर गेल्या त्या माणसांच्या खांद्यांवरून, नाहीतर घोड्याच्या पाठीवरून. हे छायाचित्रात येत नाही.

मग गाडी आली. ही गाडी आम्हा बालाघाटच्या लोकांना तशी परकी नाही. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या ज्या इंजिनिअरने १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला अडीच फुटी लोहमार्गावरची 'बार्शी लाइट' आणली, तोच नेरळ-माथेरान मार्गाचा सल्लागार होता. बार्शीची गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत गेली, आणि आमच्या मुलखातली कितीतरी वऱ्हाडे तिच्यात बसून आली-गेली. माथेरानचा मार्ग तिच्याहूनही अरुंद, दोन फुटी. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी तो बांधला. पैसा वडिलांचा, सोळा लाख रुपये. १९०४ साली काम सुरू झाले आणि १९०७ साली गाडी एकवीस किलोमीटरांची वळणे घेत वर पोहोचली. आमची बार्शी लाइट आता रुंद झाली. ती मात्र अजून तशीच आहे.

तथापि या गाडीच्या भरवशावर मुहूर्त धरू नये. २००५ च्या पुराने मार्ग वाहून गेला, तो सुरू व्हायला २००७ उजाडले. २०१९ च्या पावसाने पुन्हा तेच केले, आणि गाडी नेरळहून वर जाऊ लागली ती २०२२ च्या ऑक्टोबरात. एरवीही पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंदच असते. पण चातुर्मासात आपल्याकडेही सनई वाजत नाही, तेव्हा त्याची तक्रार नको.

मोटारीने गेलात तर दस्तुरी नाक्यावर उतरावे लागते. तिथून बाजारपेठ अडीच किलोमीटर. रुग्णवाहिका, आगीचा बंब असा अपवाद सोडला, तर पुढे पेट्रोलची गाडी जात नाही. २००३ साली केंद्र सरकारने हा सारा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला आहे. म्हणजे तांदळाचे कट्टे, तेलाचे डबे, कढया, गॅसच्या टाक्या, हे सगळे हमालाच्या डोक्यावर किंवा घोड्यावर. रुखवताची उतरंड कशाला न्यायची, ती घरीच मांडावी. पक्वान्ने दोनच ठेवावीत. नवरदेवाच्या घोड्याची तेवढी चिंता नाही. आपल्याकडे घोडा शोधत फिरावे लागते, तिथे घोडाच आपल्याला शोधत येतो.

आमच्या येडाईच्या डोंगरालाही यात्रा भरते. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत माणसे स्वतःच्या हाताने चुनखडीचे खडे वेचून वाहतात. लहानमोठा कोणी असो, आपला खडा आपणच वेचतो. माथेरानची रीत उलटी. तिथे दुसऱ्याचे ओझे वाहण्यावरच गाव पोसले गेले, आणि त्या ओझ्यात माणूसही आला. हातरिक्षा! एक बसायचा, बाकीचे ओढायचे आणि ढकलायचे. याच गावात १९१२ साली एका नाभिक घरात विठ्ठल कोतवाल जन्मले. वकील झाले, शेतकऱ्यांसाठी झटले, बेचाळीसच्या लढ्यात विजेचे मनोरे पाडून त्यांनी सरकारला जेरीस आणले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीने हुतात्मा झाले. देश स्वतंत्र झाला, हातरिक्षा चालूच राहिली. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, माणसाने माणसाला ओढणे हे माणुसकीच्या प्रतिष्ठेला धरून नाही असे ठरवून, ती सहा महिन्यांच्या आत बंद करावी आणि ओढणाऱ्यांना विजेवरच्या रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करावे, असा आदेश दिला. तो वाचून मला वाटले, एवढे समजायला पाऊणशे वर्षे लागावीत ना!

तेव्हा नवरीला हातरिक्षातून मिरवण्याची हौस कोणी सुचवली, तर ऐकू नये. धडधाकट वऱ्हाडाने झाडीतून चालत जावे, रस्ता सावलीचा आहे. आजीबाईंसाठी विजेची रिक्षा आधी विचारून ठेवावी. आणि आचाऱ्याला पाने सांगताना, रविवारी सामान खाली न्यायला जितके हमाल लागणार असतील, तितकी पाने शनिवारच्या पंगतीतही धरावीत.