थंड हवेचा हिशेब : वऱ्हाडातले मिस्त्री आणि टर्बो

अकोल्याचे आमचे एक चाचा मिस्त्री होते. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण इंजिनाचा आवाज ऐकून ते दोष सांगत. नव्या मुलांना त्यांचे एकच सांगणे असे: "जास्त हवा कोनबी घालते, थंडी हवा घालता आली पायजे." या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

मिस्त्रींचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. वऱ्हाडात तो कापसापासून सुरू होतो. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोचली. मग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले आणि त्यांची आधी वाफेवरची, नंतर तेलावरची इंजिने सांभाळणारे हातही तयार झाले. त्यांत मुसलमान कारागीर बरेच होते. पुढे हेच कसब मोटारींकडे वळले. पेट्रोल परवडेना, तेव्हा अँबेसिडरमध्ये मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवण्याचा धंदा चालला. ती गाडी वेगासाठी नव्हे, खर्च वाचवण्यासाठी बदलली जाई.

वेगासाठी गाडी बदलण्याचा शौक टर्बोबरोबर आला. टर्बोची कल्पना जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. बाहेर पडणाऱ्या धुराने एक चाक फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चाक हवा दाबून इंजिनात ढकलते. अमेरिकेत १९६२ मध्ये ओल्डस्मोबिल जेटफायर या मोटारीत टर्बो आला, पण इंजिन ठोकू नये म्हणून पाणी आणि मेथॅनॉलचे मिश्रण वेगळ्या टाकीत भरावे लागे. बरेच मालक ते भरायचे विसरत. पुढे अनेक गाड्यांचे टर्बोच काढून टाकले गेले.

आपल्याकडे २००४ मध्ये स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आली. तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याला जुळणी होणारी ही चार दारांची घरगुती गाडी. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि १५० अश्वशक्ती. युरोपातल्या आरएसमध्ये याच घराण्यातले इंजिन १८० देत होते. हे कळल्यावर शौकिनांचे हात शिवशिवणारच. उघडा एअर फिल्टर, मोठा डाउनपाइप, मोकळा सायलेन्सर, वर संगणकाचे रीमॅप. नट-बोल्ट आवळले की काम झाले, असा समज.

इथे चाचांचे वाक्य आठवते. अकोला-अमरावतीचा मे महिना ४५ अंशांचा. २५ अंशांच्या तुलनेत ही हवा सुमारे ६ टक्के विरळ, म्हणजे तेवढा प्राणवायू कमी. टर्बो ती दाबताना आणखी तापवतो. बॉनेटखाली उघडा फिल्टर लावला, तर तो इंजिनाचीच गरम हवा ओढतो, वर काळ्या मातीची धूळ. ताकद मिळवायला लावलेला सुटा भाग ताकद घटवतो. दाब वाढवला आणि पेट्रोल त्या प्रमाणात पोचले नाही, तर इंजिन ठोकते आणि पिस्टन वितळू शकतो. म्हणून वऱ्हाडात पहिला खर्च इंटरकूलरवर. टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये बसून तो हवा गार करतो. मग इंधन, मग रीमॅप. ब्रेक आणि टायर मात्र या सगळ्याच्या आधी. क्रम चुकला की पैसा आणि इंजिन दोन्ही जाते.

कायद्याची भिंतही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीचे मूळ तपशील मनमानी बदलता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. रस्त्यावर दुसऱ्यांची मुलेही चालतात, म्हणून हा नियम मला जाचक वाटत नाही.

खंत वेगळीच आहे. जिनाच्या इंजिनापासून टर्बोपर्यंतचे हे ज्ञान हातातच राहिले, वहीत उतरले नाही. आज गॅरेजमधली मुले मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून फिल्टर बसवतात. ते व्हिडिओ थंड देशांतले असतात. अकोल्याच्या उन्हाचा हिशेब चाचांकडे होता आणि तो त्यांच्याबरोबर गेला. तुमच्या मोहल्ल्यात असा कोणी उस्ताद अजून असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि लिहून घ्या.