गड उतरल्यावर कोणतें शहर पहावें?

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस माण हा तालुका आहे. शंभूमहादेवाच्या डोंगररांगेंत माणगंगा उगम पावते आणि तिच्यावरूनच या मुलखास माणदेश म्हणतात. पाऊस थोडा, माळ उघडे आणि वारा मोकळा अशा या प्रदेशांत हिवाळ्याचे दिवस पायीं हिंडण्यास फार चांगले. हौशी मंडळी वारुगड चढतात, महिमानगड चढतात, शिखर शिंगणापूरच्या महादेवाचें दर्शन घेतात आणि चार दिवसांनीं पायांत गोळे घेऊन खालीं उतरतात. सुटीचे दोन दिवस शिल्लक असतात. ते कोठें घालवावेत? चढण्याची ताकद संपलेली असते, पण चालण्याची चटक लागलेली असते. अशा वेळीं वाहनावांचून, रमतगमत पाहतां येईल असेंच शहर हवें.

जवळपास अशीं तीन गांवें आहेत. उत्तरेस फलटण आहे. तें नाईक निंबाळकरांचें ठाणें आणि शिवछत्रपतींच्या राणी सईबाई यांचें माहेर. जमीन सपाट, श्रीरामाचें मंदिर व राजवाडा हाकेच्या अंतरावर. थकलेल्या पायांस त्याहून सोयीचें कांहीं नाहीं. खटाव तालुक्यांत औंध आहे. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधि स्वतः चित्रकार होते. त्यांनीं यमाईच्या डोंगराच्या अंगास १९३८ सालीं उभारलेलें संग्रहालय एकट्यासाठीं वाट वांकडी करावी असें आहे. याच राजांनीं १९३९ सालीं आपल्या प्रजेस स्वराज्याची घटना दिली. तथापि ही दोन्ही स्थळें एका दिवसांत पाहून होतात. दोन दिवस चालावें आणि तरीहि कांहीं पाहावयाचें राहून जावें, असें शहर म्हणजे सातारा.

साताऱ्याची निवड केवळ सोयीची नव्हे. तिला इतिहासाचा आधार आहे. माणदेशांतील गड बांधले गेले ते विजापूरच्या बाजूनें येणाऱ्या वाटांवर नजर ठेवण्यासाठीं. राज्य धोक्यांत होतें तोंवर त्याचा जीव गडांवर राहिला. साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यानें याची मोठी किंमत मोजली. औरंगजेबानें १६९९ च्या डिसेंबरांत त्यास वेढा घातला. प्रयागजी प्रभूंनीं तो महिनोगणती झुंजविला. १७०० च्या एप्रिलांत सुरुंगाचा एक स्फोट उलटला आणि वेढा घालणाऱ्यांचेच शेंकडों लोक दगडांखालीं गाडले गेले. अखेर त्याच महिन्यांत गड पडला. परंतु मराठ्यांनीं तो पुन्हां घेतला.

१२ जानेवारी १७०८ रोजीं शाहूमहाराजांस साताऱ्यास राज्याभिषेक झाला. पुढें महाराज गडावरून पायथ्याशीं राहावयास आले, आणि येथेंच या शहराच्या चालण्याजोगेपणाचें मूळ आहे. गडावर शिबंदी राहूं शकते. सराफ, कारकून, शास्त्री, विणकर आणि दूरदूरचे वकील राहूं शकत नाहींत. त्यांस पेठ लागते, पाणी लागतें आणि एकमेकांच्या दारीं सहज जातां येईल असा रस्ता लागतो. शाहूनगरींत वारांच्या नांवांच्या पेठा वसल्या. शहर डोंगराच्या उतारावर असल्यामुळें मुख्य रस्ते उतारास आडवे गेले. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे जाणारे वरचा रस्ता व खालचा रस्ता हे त्यांपैकींच होत. त्यांवरून चालतां फारशी चढण लागत नाहीं. चढ आहे तो त्यांस जोडणाऱ्या बोळांत. म्हणून पाय दुखत असल्यास लांबीनें हिंडावें, बरे झाल्यावर उभें हिंडावें. पाणीहि पश्चिमेच्या डोंगरांवरून उतारानेंच येई. कासचा तलाव आजहि शहरास पाणी पुरवितो, आणि माणदेशच्या कोरड्या ओढ्यांवरून आलेल्या पाहुण्यास मंगळवार तळें व मोती तळें यांचें मोल कोणी समजावून सांगावें लागत नाहीं.

माणांतून येणारा पंढरपूर–सातारा रस्ता महिमानगड व वर्धनगड यांच्या पायथ्यावरून जातो आणि शहराच्या अलीकडे कृष्णा–वेण्णेच्या संगमावर माहुलीस येतो. तेथें उतरून घाट पहावा. १७४९ सालीं निवर्तलेल्या शाहूमहाराजांची समाधि तेथेंच आहे. संध्याकाळीं खालच्या रस्त्यानें राजवाड्यापर्यंत जावें, कंदी पेढे घ्यावेत व वरच्या रस्त्यानें परत यावें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं अजिंक्यताऱ्याच्या उतारावरील चार भिंतींपर्यंत चढावें. १८३९ सालीं इंग्रजांनीं प्रतापसिंह महाराजांस पदच्युत करून काशीस धाडलें, तेव्हां रंगो बापूजी गुप्ते त्यांची दाद मागण्यासाठीं विलायतेस गेले व वर्षानुवर्षे तेथें झगडले. दाद मिळाली नाहीं. महाराज १८४७ सालीं काशीसच वारले आणि पुढच्याच वर्षीं इंग्रजांनीं राज्य खालसा करण्याचें ठरविलें. रंगो बापूजींचें व १८५७ च्या वीरांचें स्मारक या चार भिंतींत आहे. तेथून खालचें सारें शहर एका नजरेंत मावतें.

राज्य गेलें, पण रस्ते राहिले, आणि ज्या वास्तूंत दरबार भरे तेथें पुढें मुलांची शाळा भरूं लागली. तीच प्रतापसिंह हायस्कूल म्हणून प्रसिद्ध झाली. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं त्या शाळेंत एका मुलाचें नांव घातलें गेलें. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. वर्गांत त्यास वेगळें बसावें लागे. त्याच मुलानें पुढें देशाच्या घटनेचा मसुदा घडविला. महाराष्ट्रांत तो दिवस २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

गडांचा इतिहास चढून पहावा लागतो. या शहराचा इतिहास पायाखालींच आहे. मात्र मोटारींतून तो दिसत नाहीं. म्हणून माणदेशांतून आलेल्यानें बूट झाडावेत, वहाणा घालाव्यात आणि राजवाड्याच्या वाटेस लागावें.